सीलच्या पाठीवरचा बर्फ

मी एक जुनी शहाबादी फरशी आहे. मित्रांनो, छत्रपती संभाजीनगरच्या एका शाळेच्या व्हरांड्यात मी तीस वर्षं काढली. तुमच्यासारख्या मुलांनी माझ्यावर बसून डबे खाल्ले. मागच्या वर्षी चकचकीत टाइल्स आल्या आणि मला उखडून नळापाशी टाकलं.

तिथून मला उचललं ते चित्रकलेच्या रूपाली मॅडमनी. दूर उत्तरेला, बर्फाच्या मुलखात, इनुइट लोक दगडावर सील, घुबड, अस्वल कोरतात आणि शाई लावून त्यांचे ठसे कागदावर घेतात, हे त्या मुलांना शिकवत होत्या. सहावीतल्या श्रेयानं माझ्यावर सील काढला. पण कोरणार कोण?

मॅडमनी पाचोडच्या आवडाबाईंना बोलावलं. छिन्नीनं टाके घालून घरोघरचे पाटे खडबडीत करून देण्यात त्यांचा जन्म गेला होता. मिक्सर आले आणि त्यांचं काम सुटलं.

चित्र बघून त्या म्हणाल्या, "याला कान नाय का वं, मॅडम?"

"बाहेर दिसत नाहीत, मावशी. नुसती बारीक छिद्रं असतात."

"मग बरंय. कान म्हंजे लई नाजूक काम."

सील तसाच ठेवून भोवतीचा दगड काढायचा होता; कोरलेल्या जागी शाई लागत नाही, ती कागदावर पांढरी राहते. मी पातळ, एक घाव चुकला तर दोन तुकडे! पण त्यांचा हात फार हळुवार होता. तरी शेवटच्या दिवशी छिन्नी सटकली आणि सीलच्या पाठीचा टवका उडाला.

आवडाबाईंनी छिन्नी खाली ठेवली. "नासवलं मी पोरीचं चित्र. दुसरं कुणी बघा."

श्रेया माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आजी, तिथं बर्फ पडलाय. अजून थोडा पाडा ना."

आवडाबाई हसल्या. पाट्यावर घालतात तसे बारीक टाके त्यांनी सीलच्या अंगभर घातले. मॅडमनी शाई फिरवली, कागद ठेवला, चमच्याच्या पाठीनं घासला. कागद उचलला तेव्हा काळ्या सीलवर भुरूभुरू बर्फ पडत होता.

मॅडमनी पेन्सिल पुढे केली. "तिकडे चित्र काढणाऱ्याबरोबर कोरणाऱ्याचंही नाव असतं. मावशी, सही करा."

"माझं नाव? इतके पाटे केले, कुणी इचारलं नाय. आन् मला लिवता कुठं येतं?"

श्रेयानं त्यांचा हात धरला. पाच अक्षरं, वाकडीतिकडी. त्या दिवशी वीस ठसे निघाले. विसाव्यावर आवडाबाईंनी कुणाच्या मदतीशिवाय सही केली.

मित्रांनो, मला उचलणाऱ्या, कोरणाऱ्या हातांची मी मनापासून आभारी आहे. हातानं घडवलेली वस्तू तुम्ही जपालच. पण ती घडवणारं माणूस भेटलं, तर त्याला आधी नाव विचारा.