मागच्या सीटचं वजन

मेकॅनिक कडूने बोट गेरूत बुडवलं आणि गाडीच्या मागच्या डाव्या मडगार्डच्या आतल्या कडेवर लाल पट्टा ओढला. दसऱ्याला हत्यारांना गंध लावावं तेवढ्याच भक्तीने. मग उजवीकडे जाऊन तसाच दुसरा.

"टायर जिथं घासेल तिथला गेरू पुसेल," तो म्हणाला. "पुसला तेवढाच पत्रा कापायचा. टेप लावून कापणारे जास्त कापून ठेवतात, मग दोन पावसाळ्यांत गंज."

मोतीलालांनी मान डोलावली. पाटबंधारे खात्यातून ते बडे बाबू म्हणून निवृत्त झाले होते, आणि कुठलंही काम पद्धतशीर होताना पाहिलं की त्यांना अजून बरं वाटायचं.

"आता मागं वजन पाहिजे. रोज बसतात त्यांनीच बसा, आपापल्या जागी. कोण कुठं बसते?"

ललितने वडिलांकडे पाहिलं.

"बाबा डावीकडं," तो म्हणाला. "उजवीकडं आई."

"मग बोलवा ना मम्मीले."

"ती गेली. श्रावणात."

कडूने चटकन कानाची पाळी धरली. "माफ करा, भाऊ. मग त्यांच्या जागी वाळूच्या गोण्या ठेवू. वजन किती धरू?"

"पासष्ट," ललित म्हणाला.

"पासष्ट ती लग्नात होती," मोतीलाल म्हणाले. "तू नव्वद धर."

कडू हसला. ललित हसला नाही. विनोद नुसत्या सवयीने तोंडातून निघाला होता. बायको गेली की नवऱ्याच्या बऱ्याच सवयी अशा बेवारस होतात आणि घरभर भटकत राहतात.

रुंद टायरांची हौस ललितची. दोन वर्षांपूर्वी त्याने ते बसवून आणले, तेव्हा ते मडगार्डच्या बाहेर असे डोकावत होते, जणू शेजारच्याचा पेपर बघताहेत. मागचे मडगार्ड थोडे कापावे लागतील, असं त्याने तेव्हाच सांगितलं होतं. मोतीलालांनी मंजुरी नाकारली. गाडी फंडाच्या पैशांतून घेतलेली. तिच्या पत्र्याला आपण जिवंत असेपर्यंत ग्राइंडर लागणार नाही, असा शेरा त्यांनी जेवता जेवता मारला आणि फाइल बंद केली.

त्यानंतर स्टेशनजवळच्या लालबागच्या पहिल्याच स्पीडब्रेकरवर मागून घर्रर्र असा आवाज आला. कारण शोधायची गरज नव्हती. मागे दोघंच होते. मोतीलाल म्हणजे शर्टाला हँगर मिळावा एवढ्यासाठी जन्मलेले, आणि आशाबाई म्हणजे आशाबाई. गाडीत त्या आधी शिरायच्या, धापा टाकत सरकत सरकत पलीकडे जायच्या. मग मोतीलाल ऐटीत डावीकडे बसून दार लावायचे.

"ऐका, गाडी अर्ज करतेय," ते म्हणाले होते. "भार कमी करून मिळण्याबाबत."

आशाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. अर्जाचा विनोद मग व्याह्यांना सांगून झाला, शेजाऱ्यांना सांगून झाला. दरवेळी त्या हसल्या. मग हळूहळू त्यांना काचेतून ऊन लागायला लागलं, पेट्रोलच्या वासाने मळमळायला लागलं. "तुम्ही व्हा पुढं, मी येते ऑटोनं." मागे एकटं बसलं तर मुलगा ड्रायव्हर वाटतो, म्हणून मोतीलाल पुढे बसू लागले, आणि आवाज बंद झाला. पुरावा पुरा झाला.

तुकईथडला, आशाबाईंच्या माहेरी, सख्ख्या भाचीचं लग्न होतं, त्यालाही त्या बसने आल्या. बापलेक गाडीने कधीच पोचले होते. मांडवाच्या तोंडाशी त्या उभ्या राहिल्या, पैठणीच्या निऱ्या चुरगळलेल्या, कपाळ घामाने डबडबलेलं.

"बसमध्ये कसं मोकळं वाटतं," त्या म्हणाल्या.

श्रावणात त्या गेल्यावर ललित स्वतःच म्हणाला, की हे टायर काढून टाकतो. मोतीलालांनी सांगितलं, टायर राहू दे, मडगार्ड काप. उद्या तुकईथडला आईच्या साड्या मामीला द्यायला जायचं होतं. त्याआधी एकदा, त्या आरामात बसू शकल्या असत्या अशी गाडी दारात उभी राहावी, एवढंच मोतीलालांना हवं होतं. उशीर झाला होता हे त्यांना कळत होतं. सरकारी खात्यात उशिरा दिलेली मंजुरीसुद्धा मंजुरीच असते.

उजवीकडे गोण्या रचून झाल्या. मोतीलाल डावीकडे बसले. कडू ललितशेजारी पुढे बसला. गाडी स्टेशनच्या रस्त्याला लागली, स्पीडब्रेकर आला, आणि तोच आवाज झाला. अगदी तोच. मोतीलालांनी न बघता शेजारी हात टेकला. हाताखाली तागाचं खरखरीत पोतं लागलं.

गॅरेजवर परत आल्यावर कडूने बॅटरी लावून खाली वाकून पाहिलं. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, परत डावीकडे आला.

"उजवीकडं गेरू जसाच्या तसा," तो म्हणाला. "डावीकडचा साफ."

"वजन कमी पडलं असेल," मोतीलाल म्हणाले. "आणखी एक गोणी टाक."

"अंकल, नव्वद टाकलंय."

"टाक म्हणतोय ना."

कडूने आणखी एक टाकली आणि डावीकडे नवा पट्टा ओढला. पुन्हा फेरी. पुन्हा आवाज. पुन्हा उजवा पट्टा जसाच्या तसा, त्यावर ओरखडासुद्धा नव्हता.

मग कडूने काही न विचारता सगळ्या गोण्या उतरवल्या. मोतीलाल खाली उतरले नाहीत. तिसऱ्या फेरीला मागच्या सीटवर ते एकटे होते. स्पीडब्रेकर जवळ आला तशी ललितने गाडी हळू केली, इतकी हळू की मागचा ऑटोवाला हॉर्न वाजवायला लागला.

घर्रर्र.

आरशात ललितचे डोळे दिसले आणि लगेच रस्त्यावर गेले.

"डावीकडची स्प्रिंग दबून गेलीय," परत आल्यावर कडू सांगत होता. तो खूश होता. दुखणं सापडलं होतं. "एकच माणूस सालोंसाल एकाच कोपऱ्यात बसून राहिला, की दबते. माणूस बारीक असला तरी दबते. मागून उभं राहून बघा, गाडी झुकलेली दिसून राहिली. कापायची गरजच नाही, अंकल! स्प्रिंग बदलली की काम खतम. पत्रा वाचला तुमचा!"

मोतीलालांनी ओठ ओले केले, चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत लावला.

"पाणी आणू का, बाबा?"

"नको."

त्यांनी दार उघडलं आणि खाली उतरले. गाडी मागून वर उठली. फार नाही, पण उठली.

कडू आत स्प्रिंग शोधायला गेला. ललितने पायाने टायर दाबून पाहिला.

"संध्याकाळपर्यंत होतंय म्हणे," तो म्हणाला. "उद्या सकाळी निघू तुकईथडला."

"तू साड्या घेऊन गाडीनं ये," मोतीलाल म्हणाले. "मी बसनं येईन."

"बसनं? काय बाबा, उन्हाचं? गाडी एकदम ओके होईल. आणि मागे तर सगळी जागाच जागा आहे."

मोतीलालांनी मागच्या सीटवर सांडलेली वाळू तळहाताने झाडली. उजव्या कोपऱ्यापर्यंत हात पुरेना, तेव्हा गुडघा टेकून आत वाकले आणि तिथलीही झाडली.

"जागा होतीच रे," ते म्हणाले, आणि दार हळूच लावून घेतलं.