नऊ पॉइंट तीन

लॉकडाऊनमध्ये लोक घरोघरी ब्रेड भाजत होते, आमच्याकडे फिजिक्सची लॅब सुरू होती. युनी, म्हणजे युनिव्हर्सिटी, बंद, म्हणून माझ्या लेकीला, निहारिकाला, पोस्टाने एक खोका आला. त्यात दोरा, लोखंडी गोळा आणि काय काय. तिने त्याचा लंबक करून हॉलमधल्या पडद्याच्या दांडीला टांगला. शहराबाहेरच्या ट्रुगानिना उपनगरातली आमची ही नवी घरं बाहेरून झकपक, पण दांडीला जरा हात लागला की भिंतीतून भुगा पडतो.

"अगं, दांडी हलतेय," मी म्हटलं.

"आय नो, आई. तेच तर लिहायचंय."

लंबकाचे झोके मोजून गुरुत्वाकर्षणाचा 'जी' काढायचा होता. पुस्तकात तो नऊ पॉइंट आठ असतो. तिचा आला नऊ पॉइंट तीन, आणि तरी बाईसाहेब खुशीत होत्या.

तिचं पहिलं वर्ष संपत आलं होतं. पुढे ॲडव्हान्स्ड फिजिक्स घ्यायचं की इंजिनिअरिंगकडे वळायचं, ते शुक्रवारपर्यंत युनीच्या पोर्टलवर टाकायचं होतं. ॲडव्हान्स्डला मोजकीच मुलं घेतात आणि लॅबचे मार्क बघतात. तिला तेच हवं होतं, दुसरं काही नको. माझ्या नवऱ्याला, श्रीनिवासला, इंजिनिअरिंग हवं होतं. त्याच्या आयटीतल्या टीममधल्या दोघांना कंपनीने घरी बसवलं, तेव्हापासून त्याने धसकाच घेतला होता. "फिजिक्स करून खाणार काय? इथे युनीवालेच माणसं काढतायत," हे जेवताना, भांडी घासताना, मीटिंगच्या मधल्या वेळात. मला लेकीचं पटत होतं आणि त्याची भीतीही खरी वाटत होती, त्यामुळे मी दोघांवरही चिडत होते.

सोमवारी मेल आला. निहारिका लॅपटॉप घेऊन किचनमध्ये आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिच्या रिपोर्टमधले आकडे खरे वाटत नाहीत, बुधवारी झूमवर येऊन खुलासा करा, असा मेल होता. रिपोर्टच्या वरच्या तक्त्यात 'जी' नऊ पॉइंट आठ एक, आणि खाली तिनेच अर्धं पान लिहिलेलं, की माझा 'जी' कमी का आला.

"मी नाईन पॉइंट थ्री लिहिलं होतं," ती म्हणाली. "सबमिट करताना टेबल परत बघितलंच नाही मी."

सबमिट करण्याआधी तिने रिपोर्ट एकाच माणसाला दिला होता, स्पेलिंग बघायला. तो माणूस ओट्याशी कांदा चिरत होता. त्याने मान वर केली नाही, तेव्हाच मला कळलं.

"सगळेच करतात," श्रीनिवास शेवटी म्हणाला. "आपण नाही का करायचो? रीडिंग चुकलं की सर जर्नल फेकायचे."

हे काही खोटं नव्हतं. पुण्यात आमच्या कॉलेजातही आधी उत्तर लिहायचं आणि तिथून उलटं गणित करत रीडिंगपर्यंत यायचं. त्याला आम्ही 'कुक करणं' म्हणायचो, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. पण खालचं अर्धं पान तसंच ठेवून वरचे आकडे बदलायचे म्हणजे अक्कल अगदीच गहाण टाकली होती.

"बाबा, ऑन पर्पज केलंस?" निहारिकाने विचारलं. "मला ॲडव्हान्स्ड मिळू नये म्हणून?"

"निहा, काहीतरीच काय बोलतेस?"

"मग का?"

तो पुन्हा कांदा चिरू लागला. ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. लॉकडाऊनमुळे घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर जायला बंदी होती, नाहीतर त्या दिवशी मी गाडी काढून जिथवर रस्ता जाईल तिथवर गेले असते.

बुधवारला दोन दिवस होते. प्रकरण युनीच्या शिस्तीच्या कमिटीकडे गेलं तर ती विषयातच नापास, आणि शेरा कायमचा. मी श्रीनिवासला एकट्याला गाठलं. "खरं सांग. मुद्दाम?"

"नाही गं," तो म्हणाला. मग स्वतःच पुढे, "मार्क कमी पडले तर बरंच होईल, असं मनात आलं होतं. पण चुकीचा आकडा डोळ्यांसमोर दिसला आणि मला राहवेना."

मला त्याची कीव आली, आणि कीव आली याचाही राग आला.

बुधवारी तो इस्त्रीचा शर्ट आणि खाली घरातली चड्डी अशा थाटात लेकीच्या बाजूला, कॅमेऱ्यात येणार नाही असा बसला. लॅबच्या मॅडम तिच्याच वयाच्या वाटत होत्या, मागे दोरीवर कपडे वाळत होते. निहारिका बोलू लागली तशी त्याने खुर्ची पुढे ओढली.

"आय चेंज्ड द नंबर्स. शी डिडन्ट नो."

मॅडमनी निहारिकालाच विचारलं, तुझा 'जी' कमी का आला? दांडी हलते, ती म्हणाली, आणि दोरा मी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायला हवा होता, वरच्या टोकापर्यंतच मोजला. ती एकदाही अडखळली नाही.

"हे तिने रिपोर्टमध्ये लिहिलंय," मॅडम श्रीनिवासला म्हणाल्या. "तुम्ही वाचलं होतंत?"

"नो," तो म्हणाला. "आय ओन्ली लुक्ड ॲट द आन्सर."

कमिटीकडे पाठवत नाही, मॅडम म्हणाल्या, पण सबमिट निहारिकाने केलंय, त्यामुळे या रिपोर्टला शून्य. म्हणजे ॲडव्हान्स्ड गेलं. साधं फिजिक्स उघडं होतं, पण त्या वाटेने ॲडव्हान्स्डपर्यंत पोचायला एक वर्ष जास्त.

झूम बंद झालं. निहारिकाने तिथेच पोर्टल उघडलं आणि फिजिक्सवर टिक केलं.

"एक वर्ष जास्त लागेल," श्रीनिवास म्हणाला.

"तुझ्यामुळे."

आता हा नोकऱ्या, लॉकडाऊन, युनीवाले सगळं काढणार, म्हणून मी त्याला गप्प करायला तोंड उघडलं.

"हो," तो म्हणाला. "माझ्यामुळे."

तो पुढे काही सबब सांगेल म्हणून निहारिका थांबली. त्याने खुर्ची मागे घेतली. मग तिने सबमिट केलं.