माच्यावरची ढवळी

रुपरावांनी एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी केली, आणि निवृत्त झाल्यावरही ती त्यांच्या अंगातून काही गेली नाही. कुणी नियम सांगितला, की तो थेट डेपोतून आलेला हुकूम. म्हणून गुरांच्या दवाखान्यातल्या दीप्ती मॅडमनी ढवळीला तपासून जे जे सांगितलं, ते त्यांनी घरी येईपर्यंत ऑटोत पुटपुटत घोकलं. शेजारी बसलेल्या बाईला वाटलं, म्हातारा जप करतोय.

ढवळी म्हणजे बकरीचं दोन महिन्यांचं पिल्लू. तिला न्यूमोनिया झाला होता. तिच्याच जोडीनं जन्मलेली लाली मात्र टुणटुणीत होती. दोन्ही पिल्लं गोपिकेची, म्हणजे रुपरावांच्या लेकीची. कामठीजवळच्या त्यांच्या गावातून गोपिका रोज नागपूरच्या सदर भागातल्या एका कापडाच्या दुकानात जायची आणि दहा दहा तास उभी राहायची. या दोघी वाढवायच्या, त्यांचा हळूहळू कळप करायचा आणि दुकानातलं ते उभं राहणं एकदाचं सोडायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

“दोघीबी जगल्या पाहिजेत, बाबा,” ती म्हणाली होती. “तुमच्या भरवशावर सोडून राहिली मी.”

मॅडमचं सांगणं साधं होतं. “पाच दिवस इंजेक्शन, एकही चुकवायचं नाही. पण काका, या इंजेक्शननं छातीतला संसर्ग जाईल, पोटातल्या किड्यांना त्याचं काही नाही. अशक्त पिल्लाला ते लवकर धरतात. लेंड्यांतून येतात, ओल्या जागेतून येतात. तिला जमिनीवर झोपू देऊ नका. चारा टांगून द्या. जंताचं औषध आत्ता नको, तब्येत सुधारली की वजन करून मीच देईन. आणि दोघींचीही जागा कोरडी ठेवा.”

रुपरावांनी त्याच दिवशी बांबू तोडून जमिनीपासून हातभर उंच माचा बांधला. खाली चुना टाकला. सुबाभळीचा पाला दोरीनं टांगला. पाणी उकळून, गाळून, निववून द्यायचे. लेंडी पडायची खोटी, की झाडू घेऊन हजर. ढवळीचा खोकला लालीला लागू नये म्हणून लालीला त्यांनी गोठ्याच्या त्या टोकाला बांधलं, जिथे आजवर दोघी झोपायच्या. तिथली जमीन ओली होती आणि जुनी लेंडी तुडवून तुडवून तिचा थर झाला होता. पण लाली धड होती, तिच्याकडे पाहायला वेळ कुणाला?

म्हातारा नुसतं पिल्लू वाचवत नव्हता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. त्यांचा मुलगा सुशील सिकलसेलचा, म्हणजे रक्ताच्या जन्मजात आजाराचा. सहा वर्षांचा असल्यापासून त्याला घेऊन नागपूरच्या दवाखान्याच्या चकरा, आणि तीन वर्षांपूर्वी एकोणतिसाव्या वर्षी तो गेला. बायको त्याच्याही आधी गेलेली, तेव्हा दहावीतल्या गोपिकेनं शाळा सोडून घर अंगावर घेतलं होतं. सुशीलच्या उशाशी बसायची सवय लागलेले रुपराव आता माच्याशेजारी स्टूल टाकून बसले होते.

चौथ्या दिवशी सकाळी डबा भरता भरता गोपिका म्हणाली, “बाबा, लालीची लेंडी पातळ दिसून राहिली.”

“तिले काय धाड भरली वं? पाह्य, कशी उड्या मारते. ढवळीनं आज पाला खाल्ला, ते पाह्य ना!”

गोपिकेनं डबा पिशवीत टाकला. तिची बस चुकत होती.

सहाव्या दिवशी ढवळी माच्यावरून उडी मारून खाली आली. रुपरावांनी कधी नव्हे तो दुकानात फोन केला. “वाचली, बेटा! वाचली!” त्यांना खरोखर रडू आलं. त्याच आनंदात ते लालीलाही पाला द्यायला गेले. लाली पडून होती. मागचे पाय रक्तानं माखलेले, आणि शेपटीवर माशा.

त्यांनी तिला सदऱ्यात गुंडाळून दवाखाना गाठला. मॅडमनी तिची पापणी खाली ओढून पाहिली. आतून ती पांढरीफटक होती.

“रक्ती हगवण. त्या पोटातल्या किड्यांचीच. जुन्याच जागेवर होती का?”

रुपरावांनी होकारार्थी मान हलवली.

“दोघींची जागा म्हटलं होतं मी, काका.”

सलाईन अर्ध्यावर आलं असताना लाली त्या टेबलावरच गेली. तीस वर्षांत एकही हुकूम न मोडलेला माणूस रिकामा सदरा हातात धरून बाहेरच्या बाकावर बसून राहिला.

गोपिका संध्याकाळी घरी आली, तेव्हा त्यांनी पायरीवर बसूनच सगळं सांगितलं. ती ओरडेल, भांडेल, निदान रडेल असं त्यांना वाटलं होतं. ती फक्त भिंतीला धरून त्यांच्या शेजारी टेकली.

“माहीच चूक झाली, पोरी. लाली धड होती, म्हणून मी...”

“धड असलेल्याकडे कोण पाह्यते, बाबा?”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. रुपरावांनी लेकीकडे पाहिलं. तिचे गुडघे सुजलेले होते. पायरीवर बसायला तिला भिंत लागते, हे कधीपासून? त्यांना आठवेना. सुशीलचं रक्त कोणत्या वर्षी किती भरलं होतं हे त्यांना आजही सांगता आलं असतं, पण पोरीचं काय दुखतं हे त्यांनी चौतीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

“गोपिके,” ते म्हणाले, “तुले लय दुखते काय वं?”

ती त्यांच्याकडे बघत राहिली, जणू हा प्रश्न दुसऱ्या कुणाला विचारला असावा.

“आता सांगून काय करू, बाबा? दुकान तं सुटत नाही.”

आणि उद्यासाठी डबा घासायला ती भिंत धरत उठली.