होडीच्या पोटातला वास

मी डिझेलची टाकी बोलतेय. ग्रीसमधल्या कालिम्नोस बेटावरच्या एका लाकडी मासेमारी होडीच्या पोटात, इंजिनाच्या मागे, एकोणीस वर्षं पडून आहे. पत्रे जोडून मला बनवलं ते उघड्या अंगणात, उन्हात. ते ऊन चारच दिवस लाभलं. मग थेमेलिसने मला होडीत उतरवलं आणि माझ्यावर फळ्या ठोकून टाकल्या. इंजिनाच्या बाजूने एक झरोका तेवढा ठेवला, माणूस अंग चोरून आत सरकेल एवढा.

थेमेलिस आणि त्याची बायको सेवास्ती, दोघंच होडीवर असत. त्यांना मी पावलांवरून ओळखायचे. त्याची जड, तिची भराभर. जाळं ओढताना ती बोलत राहायची आणि तो हुं हुं करायचा.

सुरुवातीला इंजिन सुरू झालं की मी खडखडायचे. सेवास्तीचं डोकं दुखायचं. म्हणून थेमेलिसने स्वतःचा जुना लोकरी स्वेटर घडी करून माझ्या मागच्या कोपऱ्याखाली कोंबला. खडखड थांबली. पण तो स्वेटर वर्षानुवर्षं तळातलं खारं पाणी पीत राहिला आणि तिथेच मी गंजत गेले. गेल्या वसंतात एक भोक पडलं, सुईच्या टोकाएवढं. थेंब थेंब डिझेल ठिबकायला लागलं. मला कळत होतं, पण सांगणार कुणाला आणि कसं?

सेवास्तीला दुसऱ्याच दिवशी वास आला. थेमेलिस म्हणाला, मला नाही येत. तिने नळी बघायला लावली, त्याने नळीचे पट्टे आवळले, तळ पुसून घेतला. चार दिवसांनी ती पुन्हा तेच म्हणाली.

"इंजिनाची होडी आहे बाई," तो म्हणाला, "अत्तराचं दुकान नाही."

महिनाभर हेच चाललं. मग एके दिवशी खानावळवाली कल्योपी त्यांच्याकडून घेतलेली मासळीची पेटी परत घेऊन धक्क्यावर आली. "थेमेलिस, तळायला तेल नको आता," ती म्हणाली. "तू घालूनच देतोस." पेटी तिथेच ठेवून ती गेली.

त्या दिवशी सेवास्तीने सांगून टाकलं की गळती सापडेपर्यंत ती होडीत बसणार नाही. एकट्याने जाळं ओढणं त्याला आता झेपत नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी फळ्या उचकटायला तो तयार होईना. मग तीच विजेरी, फडकं आणि खडूची पूड घेऊन झरोक्यातून आत शिरली.

इतक्या वर्षांनी पहिल्यांदा माझ्या पाठीवर माणसाचा हात फिरला. तिने मला कोरडं पुसलं, पूड फासली आणि वाट बघितली. मागच्या कोपऱ्यात पांढऱ्या पुडीवर काळपट ठिपका उमटला, पसरला.

"सापडलं," ती म्हणाली. आणि परत फिरताना माझ्या आणि होडीच्या फासळीच्या मध्ये तिचा खांदा अडकला.

तिने जोर केला तसा तो आणखी रुतला. तिचा श्वास माझ्या पत्र्यावर आपटत होता. मला अंग आकसून घ्यावंसं वाटत होतं. पण पत्रा आकसत नाही.

"थेमेलिस, मी अडकले."

"सावकाश ये. घाई कसली?"

"मला गरगरतंय. केवढा वास कोंडलाय इथे. तुला येत नाही?"

"नाही."

"डोकं आत घाल आणि सांग."

त्याने डोकं आत घातलं. त्याचा चेहरा माझ्यापासून हातभर अंतरावर होता. त्याने नाकाने दोनदा श्वास ओढला.

"नाही येत," तो हळूच म्हणाला. "कशाचाच येत नाही. मागच्या थंडीत ताप आला होता ना, तेव्हापासून. कॉफीचासुद्धा नाही."

ती खोकली. मग म्हणाली, "फळ्या फोड."

त्याने पहार घातली. खिळे किंचाळत निघाले, तिसऱ्या फळीनंतर ऊन थेट माझ्यावर पडलं. काखेत हात घालून त्याने तिला वर ओढलं. ती कठड्यावरून ओकली, मग तिथेच बसून राहिली. तो शेजारी बसला. मासा ताजा की शिळा हे ज्याला कळत नाही त्याला समुद्रावर कोण बरोबर नेईल, म्हणून बोललो नाही, असं तो म्हणाला.

"मी नेतच होते की," ती म्हणाली.

मग दोघांनी डिझेल डब्यांत काढलं. स्वेटर बाहेर आला तेव्हा थेमेलिसने तो ओळखला आणि मान खाली घातली. गंज घासून पत्रा चकचकीत केला, लेप कालवला, वर पत्र्याचा तुकडा दाबून बसवला. तो सुकेपर्यंत तीन दिवस मी उघड्यावर होते. डोक्यावरून समुद्रपक्षी जायचे. मग मला भरलं, पुन्हा पूड लावली. पूड पांढरीच राहिली.

आणि फळ्या परत बसल्या.

आता रोज निघण्याआधी सेवास्ती झरोक्याशी वाकते आणि डिझेलचा वास नाही, असं सांगते. तेवढ्यावर थेमेलिसचं भागत नाही. मग ती सांगते, कल्योपीकडे कांदा परततायत, वारा जमिनीवरून आहे, तुझा शर्ट बदलायला झालाय. तो इंजिन सुरू न करता ऐकत राहतो.

मी आहे तिथेच आहे, अंधारात. पुन्हा कुठे भोक पडलं तर पुन्हा ठिबकण्याखेरीज मला काही करता येणार नाही. माझं तोंड डिझेल भरण्यापुरतं. तुमचं तसं नाही. अडकलात तर हाक मारा.