मागच्या खोलीतलं हळदीकुंकू

बर्मिंगहॅममध्ये जपून ठेवलेल्या, दीडशे वर्षांपूर्वीच्या कामगार वस्तीत मी टूरिस्टांना फिरवते. एका खोलीत अख्खं कुटुंब, अंगणात एकच नळ, क्षयाने आणि कॉलऱ्याने गेलेली मुलं, असं सगळं सांगते. लोक हळहळतात, "बरं झालं, ते दिवस गेले" म्हणतात आणि केक खायला जातात. मी मात्र संध्याकाळी त्याच काळातल्या घरात झोपायला जाते.

मागच्या खोलीत माझी पाच वर्षांची अन्वी झोपते. भिंतीवर काळी बुरशी, आणि हिवाळाभर तिची छाती घरघरते. दोनदा अ‍ॅडमिट केलं. घरमालक शशिकांतकाका आमच्याच महाराष्ट्र मंडळातले. दर तक्रारीला एकच उत्तर: "अगं पूर्वी, खिडक्या उघड. कपडे आत वाळत घालू नकोस." मग एक माणूस येऊन बुरशीवर पांढरा रंग फासून जातो. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

या संक्रांतीला मी हळदीकुंकू ठेवलं. मंडळातल्या झाडून साऱ्या बायकांना बोलावलं, आणि सगळ्यांत आधी काकांच्या बायकोला, सुप्रभाकाकूंना. हळदीकुंकवाला कोणी नाही म्हणत नाही. सतरंजी मात्र मागच्या खोलीत घातली.

काकू दारातच थबकल्या. "अगं, फ्रंट रूम मोकळी आहे ना?"

"आहे. पण अन्वी इथे झोपते. बसा ना, काकू."

बायका दाटीवाटीने बसल्या. तिळगूळ वाटता वाटता मी रोजची टूर सुरू केली: ही खोली, ही ओल, हे मूल. फक्त साल जुन्याऐवजी यंदाचं सांगितलं. तेवढ्यात अन्वीला खोकल्याची उबळ आली, आणि सगळ्यांनी काकूंकडे पाहिलं.

"मला एकटीला सांगायचंस," काकू पुटपुटल्या.

"काकांना एकट्यांनाच सांगत आले. नुसते रंगाचे थर वाढले."

"रिपेअर होईपर्यंत तुम्ही आमच्याकडे या राहायला."

क्षणभर मोह झाला, खोटं कशाला बोलू. "पाहुणी म्हणून नाही येणार, काकू. मला हीच भिंत कोरडी हवीय."

काकूंनी फोन काढला. बायकांत कशाला यायचं म्हणून काका बाहेर गाडीत बसले होते. "अहो, आत या," काकू म्हणाल्या. "आत्ता."

काका आले. "झालं का? निघू या?" त्यांनी हसत विचारलं. काकू जागच्या हलल्या नाहीत. मी ओल्या भिंतीलगतची जागा मोकळी केली.

"बसा, काका. नीट टेकून बसा."