हिरवं बटण

"बाई, झालं! बत्तीसच्या बत्तीस कडवी झाली!" मॉनिटर मुलगी टॅब डोक्यावर धरून नाचवत होती आणि सातवीच्या वर्गाने बाके बडवून नुसता धुडगूस घातला होता.

गाण्याच्या बाईंनी त्यांना गप्प केले नाही. सव्वीस वर्षांत संगीताच्या तासाला पेंगणारी मुले त्यांनी पाहिली होती, गणिताच्या वह्या उतरवून घेणारी पाहिली होती. आनंदाने बाक बडवणारी पहिल्यांदाच पाहत होत्या. त्यातून कथागीत म्हणजे मुलांचा अगदी नावडता धडा. लांबलचक गाणे, तीच ती चाल, आणि एवढे ऐकून घेतल्यावर शेवटी कुणीतरी मरणार.

म्हणून यंदा त्यांनी पुस्तकातले गाणे गुंडाळून ठेवले आणि आपल्या आईचे वर्गात आणले. पुरात गेलेल्या नावाड्याची वाट पाहणाऱ्या बायकोचे गाणे, कडवी बत्तीस. ते कुठे छापलेले नव्हते. आईला तिच्या आत्याने शिकवलेले. गेल्या वर्षी बाईंनी शाळेचा टॅब घरी नेऊन, स्वयंपाकघरातच, ते आईकडून म्हणवून घेतले होते. त्यानंतर दोन महिन्यांनी आईला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली.

वर्गात मुलेही नेमकी बत्तीस. प्रत्येकाने एक कडवे ऐकायचे, घोकायचे आणि त्याच टॅबवर म्हणायचे. "लाल बटण दाबू नका, त्यानं तुकडे होतात. हिरवं दाबा, म्हणजे गाणं सलग राहील," असे बाईंनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहूनही दिले होते. आधी आईचे कडवे, मग त्याच्या पाठोपाठ मुलाचे, असे ते जोडले जाईल अशी त्यांची समजूत होती.

"लावा ना, बाई!"

त्यांनी लावले. पहिले कडवे मॉनिटरचे. दुसरे खिडकीतल्या लंबूचे. सूर स्वच्छ, ताल पक्का. बाई कौतुकाने मान डोलवत होत्या. पाचव्या कडव्याला त्यांची मान थांबली. आई अजून आलीच नव्हती.

मधल्या सुट्टीत त्या संगणकाच्या सरांकडे जवळजवळ धावतच गेल्या. सरांनी टॅब उलटसुलट केला, दोन-चार ठिकाणी बोट लावले.

"हिरवं म्हणजे 'जागी बसवा', बाई. जुनं जातं, त्याच्या जागी नवं बसतं."

"जातं म्हणजे कुठं जातं?"

"कुठं जाणार? पुसलं जातं. जागा फार खातं ना, म्हणून." सरांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "फोनवर असेल की तुमच्या? दुसरी प्रत?"

"नाही हो. टॅबचा माईक चांगला म्हणून टॅबवरच घेतलं. प्रत काढायची काढायची म्हणत राहिले."

"कुणाचं होतं?"

"आईचं."

"मग पुन्हा म्हणवून घ्या की!" सर उत्साहाने म्हणाले. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक! बाई बरं म्हणाल्या आणि टॅब छातीशी धरून परत आल्या. एकेक कडवे पुसले जात असताना आपणच शेजारी उभे राहून 'वा, छान' म्हणत होतो, हे आठवून त्यांना जिन्यातच बसावेसे वाटले.

वर्गाच्या दारात एक चष्मेवाली मुलगी वाट पाहत होती. तिचे अठरावे कडवे.

"बाई, एक सांगू? रागवणार नाही ना?"

"सांग."

"माझ्या कडव्यात त्या आजी मधेच बोलल्या होत्या. 'अगं, गॅस बारीक कर, दूध चाललंय' असं. आणि मग हसल्या. मी ते काढून टाकलं. चूक होती ना ती?"

बाई गेल्या वर्षभर ते वाक्य ऐकण्यासाठीच टॅब लावत होत्या. गाणे निमित्ताला होते.

"हो," त्या म्हणाल्या. "बरं केलंस."

मग त्यांनी हजेरीपटासारखी लांब यादी काढली आणि बत्तीस जणांना पैकीच्या पैकी गुण दिले. मुलांचे काही चुकले नव्हते. जसे शिकवले तसेच त्यांनी केले होते.

संध्याकाळी घरी आल्यावर आईला सांभाळणारी मदतनीस गेली, तशी त्यांनी खुर्ची आईजवळ ओढली. "आई, तुझं गाणं म्हटलंय मुलांनी," असे म्हणून टॅब लावला. निदान गाणे ओळखेल, एवढीच आशा होती. आई ऐकत होती. नावाडी पाण्यात शिरला, दिवे मालवले, बायको काठावर उभी राहिली. आईचा चेहरा काही हलला नाही. तिच्या ओठांकडे बघून बघून बाईंचे डोळे दुखायला लागले.

गाणे संपले. आता काहीतरी करायला हवे, एवढे आईला कळले असावे. तिने डावा हात उचलला आणि मांडीवर तीनदा थोपटला. कुणाकडे पाहुणे म्हणून गेल्यावर, त्यांच्या मुलांनी गाणे म्हणून दाखवले की करतात ना, तसे कौतुक.

"छान म्हटलं ना, आई?" बाईंनी विचारले.

आईने मान हलवली आणि त्यांच्याकडे बघून, ओळख नसलेल्या माणसाला दाखवावे तसे, सभ्य हसू हसली.