एका पत्त्यावर दोघं

हेरंब सबनीसांनी प्रोग्राम चालवला की कॉम्प्युटरचे जितके नेटवर्क इंटरफेस, म्हणजे बाहेर जोडणारे मार्ग, यादीत येत, तितकी दारं त्यांच्या खोलीच्या भिंतीला उगवत. सोमवारी तीन उगवली. पहिलं वायरचं, ते ऑफिसात उघडे. दुसरं वायफायचं, त्यातून शेजारच्या पेंढारकरांचं स्वयंपाकघर लागे आणि कढीत हिंग जास्त पडलाय हेही कळे. तिसरं लूपबॅकचं. त्यातून बाहेर पडलेला माणूस त्याच खोलीत परत येई. बायको वारल्यापासून सात महिने सबनीस याच दाराने हिंडत होते. चपला मात्र नव्यासारख्या राहिल्या.

मंगळवारी चौथं दार आलं. यादीत ओळ होती: कुमुद. स्थिती, बंद. पत्ता, नाही.

पहिल्या दारातून ऑफिसातल्या तनुजा पेडणेकर डोकावल्या.

"सबनीस, यादी झाली का? आणि हे बंद पडलेलं कशाला ठेवलंय?"

"ती माझी बायको आहे."

"असेल हो. पण बंद ते वगळायचं, हा नियम तुमचाच ना? चारला येते. तोवर काढा, नाहीतर मी काढते."

नियम त्यांचाच होता. पाहुण्याला आणखी चहा विचारण्याआधी त्याच्या कपात किती उरलाय हे बघणारा माणूस. नियम करणार नाही तर काय?

त्यांनी चौथ्या दाराला कान लावला. पलीकडे कुमुद तांदूळ निवडत होती. खडा वाटीत पडल्याचा आवाज आला.

"कुमुद, दार उघड."

"पत्त्याशिवाय उघडत नाही हे. केव्हाची सांगतेय! तुम्ही आपले एकाच दाराने गोल गोल."

त्यांनी तिला माहेरचा पत्ता दिला. तो परत आला. दवाखान्यातल्या खाटेचा दिला.

"तो नको," ती म्हणाली.

चारला दहा कमी होते. चालणारा पत्ता एकच उरला, या खोलीचा. त्यावर सबनीस राहत होते.

"अहो, एका पत्त्यावर दोघं चालत नाहीत. तुम्हीच शिकवलंत मला."

"एकतीस वर्षं चाललो की."

"तेव्हा यादी नव्हती."

सबनीसांनी दोन कप विसळून ओट्यावर पालथे घातले आणि पत्ता तिच्या नावावर केला.

दार उघडलं. ती आत आली तेव्हा ते बाहेर होते. वाटेत गाठ पडली नाही. नुसता तांदळाच्या कोंड्याचा वास अंगावरून गेला. दार लागलं. फटीतून त्यांना दिसलं, कुमुदने दोन्ही कपांत चहा ओतला, एक शेजारी सरकवला, चष्मा लावला आणि प्रोग्राम चालवला. चार ओळी आल्या. शेवटची तिने बोट ठेवून वाचली.

"हेरंब. बंद."

चार वाजले. पहिल्या दारातून तनुजाबाई डोकावल्या.

"वहिनी, हे बंद पडलेलं काढू ना?"

दाराआड सबनीसांनी कुमुदचं तांदळाचं ताट मांडीवर ओढलं. तांदळात अजून बरेच खडे होते.